दिवाळीला नाही, डिसेंबरात येते

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मुद्द्याचं आधी सांगते, म्हणजे आईला शेवटच्या ओळीपर्यंत धाकधूक नको. यंदा दिवाळीला मी येत नाहीये. १६ डिसेंबरला पुण्यात पोचते आणि ६ जानेवारीपर्यंत घरीच आहे. तिकीट काढून झालंय, तेही पैसे परत न मिळणारं. त्यामुळे हे 'बघू, जमलं तर' नाही.

दादाही यंदा बंगळुरातच आहे, हे लक्षात आहे माझ्या. फोनवर सांगायचं टाळलं, कारण फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते आणि पुढचे दोन दिवस बाबांना फोडणीचा भात मिळतो.

कारण असं की इथल्या चेल्टनहॅमच्या ऑर्केस्ट्राचं खजिनदारपद मी घेतलंय, आणि आमचा कार्यक्रम नेमका दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबरात आहे. बाबा, तुम्ही विचारणारच की नोकरी सांभाळून हे लष्कराच्या भाकरी भाजण्याचं काम कशाला. तुम्ही सोसायटीच्या गणपतीची वर्गणी इतकी वर्षं सांभाळलीत, तेव्हा आई जे विचारायची, तेच हे. तेव्हा तुम्ही जे उत्तर द्यायचात, तेच माझं समजा. पण तेवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, म्हणून हिशेबच मांडते.

आमच्यात ५८ वादक आहेत, सगळे हौशी. प्रत्येकाची वर्षाची वर्गणी १८० पौंड, म्हणजे १०,४४० पौंड जमतात. सप्टेंबर ते जुलै सुट्ट्या वगळून ३६ तालमी होतात. शाळेच्या हॉलचं भाडं दर तालमीला ९० पौंड आणि कंडक्टरचं मानधन १७०. म्हणजे ९,३६० तिथेच गेले. उरतात १,०८०, आणि कार्यक्रम अजून एकही झालेला नाही.

आता एका कार्यक्रमाचा खर्च बघा. चर्च दिवसभरासाठी ६५० पौंड. कंडक्टर आणि लीडर (व्हायोलिनवाल्यांचा प्रमुख) यांचं कार्यक्रमाचं मानधन ९००. एकल वादक ७००. बाहेरून बोलवायचे वादक ३५०. टिंपनी, म्हणजे ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे, भाड्याने आणि ती आणायला मोठी व्हॅन, मिळून ३००. नोटेशनचे संच २५०, छपाई, जाहिरात, विमा ३५०. बेरीज ३,५००. साधारण १६० तिकिटं सरासरी १३ पौंडांना गेली तर येतात २,०८०. सोडत आणि मध्यंतरातली वाइन मिळून ४००. म्हणजे दर कार्यक्रमाला हजारेक पौंडांची तूट. कार्यक्रम तीन, वर्गणीतले शिल्लक हजार त्यात टाकले तरी वर्षाअखेर दोन हजारांचा खड्डा राहतोच. तिकीट वाढवून तो भरत नाही, कारण येणारे बरेचसे आमचेच नातेवाईक आणि शेजारी असतात. १५चं तिकीट २० केलं की दोघांऐवजी एकच जण येतो.

तो खड्डा देणग्यांनी भरायचा, आणि खजिनदार कामाला येतो तो इथे. आपल्याकडे देणगीवरची करसूट देणाऱ्याला मिळते. इथे गिफ्ट एडमध्ये सरकार थेट संस्थेला पैसे देतं, देणाऱ्याच्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स. पण देणाऱ्याने इथे तेवढा प्राप्तिकर किंवा भांडवली नफ्यावरचा कर भरलेला हवा, आणि नाव, घरचा पत्ता, संमती असलेलं घोषणापत्र हवं. लोक पाकिटात २० पौंड घालतात आणि पत्ता लिहीत नाहीत, की त्या २० पौंडांवरचे ५ गेले. म्हणून पाकिटं खुर्च्यांवर नुसती ठेवून चालत नाही. मध्यंतराच्या आधी व्यासपीठावरून सांगावं लागतं आणि दाराशी पेन घेऊन माणूस उभा करावा लागतो. पेनं दोरीने बांधलेली, बाबा. इथेही पळतात.

डब्यात पडणाऱ्या सुट्या पैशांसाठी वेगळी योजना आहे. ३० पौंडांपर्यंतची रोख किंवा कार्ड टेकवून दिलेली देणगी असेल तर घोषणापत्राशिवाय तेवढाच परतावा मिळतो. वर्षाला ८,००० पौंडांच्या देणग्यांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त २,०००. अट एक : त्याच वर्षी नेहमीच्या गिफ्ट एडच्या देणग्या निदान त्याच्या एक दशांश हव्यात. आणि तिकिटाचे किंवा सोडतीचे पैसे यात धरता येत नाहीत, कारण ती देणगी नव्हे. ते एकाच डब्यात गोळा केले की नंतर वेगळं काय करणार? म्हणून डबे तीन, मोजायला माणसं दोन, आणि मोजलेल्या कागदावर दोघांच्या सह्या त्याच रात्री.

तुम्ही म्हणाल, हे दुसरं कुणीही करेल. बरंचसं करेल. वाइनचा परवानाही आधीच ऑनलाइन काढून ठेवता येतो, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते. २१ पौंड भरून कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यायची, कार्यक्रमाच्या निदान १० कामाच्या दिवसांआधी. नोटीस दिल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस त्यात धरायचे नाहीत, आणि तिथेच लोक चुकतात. 'वाइन फुकट, देणगी ऐच्छिक' अशी पाटी लावून यातून सुटता येईल असं वाटणं मात्र धोक्याचं, तीही विक्रीच धरली जाऊ शकते. सोडतीचं त्यामानाने सोपं आहे. तिकिटं फक्त कार्यक्रमाच्या जागी आणि कार्यक्रमाच्या वेळीच विकली तर परवाना लागत नाही. पंधरा दिवस आधीपासून दुकानात विकायला ठेवली की कौन्सिलकडे नोंदणी, पहिल्या वर्षी ४० पौंड.

पण तारीख हलत नाही, तिथे माझा इलाज चालेना. चेल्टनहॅममध्ये नोव्हेंबरच्या मध्याला घोड्यांच्या शर्यतींचा शुक्रवार-शनिवार-रविवार असतो. त्या दिवशी गाडी लावायला जागा नाही, आगगाड्या भरलेल्या, आणि आमचा निम्मा श्रोतृवर्ग गावाबाहेर पळालेला. मार्चमध्ये गोल्ड कप या मोठ्या शर्यतीच्या आठवड्याची तीच कथा. त्यात गावातल्या दोन-तीन गायकवृंदांच्या तारखा टाळायच्या, कारण श्रोते तेच. उरला शर्यतींच्या पुढचा शनिवार. दिवाळी त्याच्या अगदी आधीच्या आठवड्यांत येते, आणि शेवटच्या तीन तालमीही तेव्हाच. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली, खालच्या सुरातली बहीण, वाजवणारे आम्ही चारच आहोत. व्हायोलिनं बावीस आहेत, त्यातली चार गेली तरी कळणार नाही. आमच्यातली एक गेली तर मधला आवाजच खचतो. आई, तू तेव्हा म्हणालीस ना, "व्हायोलिन सोडून हे थोराड कशाला"? आता कळलं कशाला. सगळ्यांना हवीशी झालेय.

कार्यक्रमात द्व्होर्झाकची नववी सिम्फनी आहे, 'फ्रॉम द न्यू वर्ल्ड', १८९३ची. हौशी ऑर्केस्ट्रांना ही आवडते आणि खजिनदाराला तर फारच. हक्कमुक्त आहे, त्यामुळे नोटेशन वाचनालयातून आणता येतं. ट्यूबाला फक्त दुसऱ्या भागात मोजके स्वर आहेत आणि तेच स्वर बास ट्रोम्बोनही वाजवतो, म्हणून ट्यूबावाला बोलवायचा की नाही यावर समितीत अर्धा तास गेला. (नाही बोलवायचा असं ठरलं. कंडक्टर अजून नाराज आहे.) झांजेचा अख्ख्या सिम्फनीत एकच ठोका, चौथ्या भागात. तिसऱ्या भागातला ट्रँगल वाजवणाराच तो देतो, वेगळं मानधन नाही. याउलट व्हॉन विल्यम्स हा इंग्रज संगीतकार १९५८ साली वारला, म्हणजे इथल्या कायद्याने २०२८ अखेरपर्यंत हक्क राखीव. त्याचे संच प्रकाशकाकडून भाड्याने आणायचे, आणि त्यात पेन्सिलीच्या खुणा खोडून परत दिले नाहीत तर दंड. कार्यक्रम निवडतानाच हे बघितलं नाही तर संगीत समिती स्वप्नं बघते आणि बिलं मी बघते.

चर्चमधल्या थंडीची काळजी करू नका. हीटर सकाळी आठलाच लावायचा असतो, आमच्यासाठी कमी आणि वाद्यांसाठी जास्त. गारठ्यात फुंकवाद्यं उतरतात आणि तारा चढतात, मग ओबोने दिलेल्या सुराला कुणीच जुळत नाही. दुपारी दोनला तालीम, पाचला सगळ्यांना सूप आणि पाव. मी पोटभर खाते. आतून लोकरीचं घालते, आईने दिलेलंच. कार्ड मशीन दगडी भिंतींत बंद पडतं, म्हणून तेही दुपारीच दाराशी तपासायचं, आणि शंभर पौंड सुटे वेगळे ठेवायचे. येणारा प्रत्येक जण वीसची नोट काढतो.

आता आई, हे तुझ्यासाठी. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाला होल्स्ट या संगीतकाराची रचना घेतोय. तो या गावचाच, १८७४चा जन्म. त्याची गाजलेली 'प्लॅनेट्स' सगळी वाजवायची म्हटलं तर चार बासऱ्या, सहा हॉर्न, दोन हार्प, ऑर्गन, सेलेस्टा आणि पडद्याआड बायकांचा गायकवृंद लागतो. ते आम्हाला झेपत नाही. पण हा गृहस्थ संस्कृत शिकला होता. ऋग्वेदातल्या सूक्तांचं स्वतः इंग्रजी करून त्याने त्यांना चाली लावल्या, सावित्रीच्या कथेवर १९०८ साली छोटा ऑपेरा लिहिला. त्या सूक्तांचा तिसरा संच बायकांच्या आवाजांसाठी आणि एका हार्पसाठी आहे : उषा, आप, वेन आणि प्रवाशांचं सूक्त. एकच हार्प, म्हणजे मला परवडतं. तो १९३४ला गेला, त्यामुळे हक्काचाही प्रश्न नाही. इथला एक महिला गायकवृंद त्यासाठी आमच्याबरोबर उभा राहायला तयार आहे. कार्यक्रमपत्रिकेत या सूक्तांवर दीड पान हवंय. इथे कुणाला लिहिता येणार नाही आणि मला तर संस्कृतात तूच नापास केलं होतंस. मूळ ऋचा देवनागरीत छापू. डिसेंबरात आपण दोघी बसून करू, तू सांग, मी टाइप करते.

खरं तर डिसेंबरातच येण्याचा मोठा फायदा आईच्या डोळ्याला आहे. मोतिबिंदूची तारीख दिवाळीनंतर लगेच घेऊ नका. १८ डिसेंबर किंवा त्याच्या पुढेमागे मागा. ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं, खरं काम नंतरच्या थेंबांचं. ते वेळापत्रकाप्रमाणे घालायला, केस धुताना डोळ्यात पाणी जाऊ न द्यायला, वाकून काही उचलू न द्यायला घरात कुणीतरी हवं. दिवाळीला येऊन मी लाडू खाऊन परत आले असते आणि नेमक्या वेळी इथे बसले असते. हे मी स्वतःला पटवतेय असं वाटेल, पण डॉक्टरांनी घाई नाही असं म्हटलंय ना?

दिवाळीचं सगळं लावून ठेवलंय. फराळ नेहमीच्या काकूंकडे सांगितला आहे, चकल्या कमी तिखट, आणि बाबांसाठी साखर न घातलेले डिंकाचे लाडू वेगळ्या डब्यात. त्यावर चिठ्ठी असेल, तरी बाबा, दुसऱ्या डब्याला हात लावायचा नाही. पाडव्याला मंदामावशी जेवायला येते आहे, तिला नाही म्हणू नका. आकाशकंदील लावायला वॉचमनचा मुलगा येईल. बाबा, स्टुलावर चढायचं नाही. गुडघा बरा वाटतोय म्हणूनच सांगतेय, दुखत असता तर तुम्ही चढलाच नसतात. सवाईला या वेळी खुर्चीचं तिकीट काढा, बैठकीचा हट्ट पुरे झाला. मफलर आणि गरम पाण्याची बाटली बरोबर न्या, आणि शेवटच्या गायकापर्यंत थांबायचं असेल तर मधे काहीतरी खाऊन घ्या, गोळी रिकाम्या पोटी नको. परतीची गाडी आधी ठरवून ठेवा.

आणि एक. देणगी म्हणून पैसे पाठवायचा विचार मनात आला असेल तर आत्ताच काढून टाका. तुम्ही इथे कर भरत नाही, त्यामुळे त्यावर गिफ्ट एड मिळणार नाही, आणि बँकेचं शुल्क वर जाईल. द्यायचंच असेल तर वर्षाचा ताळेबंद तपासून द्या. आमचं वर्ष ऑगस्टअखेर संपतं आणि त्यानंतर १० महिन्यांत चॅरिटी कमिशनला, म्हणजे इथल्या धर्मादाय आयुक्तालयाला, विवरण द्यायचं असतं. गेल्या वर्षीची वही घेऊन येतेय. टिंपनी दर वेळी भाड्याने आणायची की जुनी विकत घ्यायची, हा प्रश्नही तुमच्यासाठी राखून ठेवलाय. भाडं तीन कार्यक्रमांना ९०० जातं, पण घेतली तर ठेवायची कुठे आणि व्हॅन तरी कुणाची?

रविवारी फोन करते तेव्हा आईच्या ऑपरेशनची तारीख मला सांगा, आणि त्याआधी तिची साखर आणि रक्तदाब दोन्ही तपासून घ्या. बाबांचीही. रिपोर्टचा फोटो नीट सरळ काढा, मागच्या वेळी अर्धं पान कापलं गेलं होतं.

तुमची,
बेबी

ता. क. : दादाला भाऊबीजेचं मी कळवलंय. डिसेंबरात आपण सगळे एकदमच करू, तो चार दिवस येतोय. आईला सांगू नका असं म्हणाला होता.