कैदेतला दिवस खाडा धरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागात ऊसतोडीला गेलेल्या कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, एक दिवस बुडाला की मुकादम हिशेबात खाडा लावतो. मग माणूस तापानं फणफणलेला असो, नाहीतर बाई बाळंत झालेली असो. परदेशात कामाला गेलेल्या मजुराला बंदूकवाल्यांनी उचलून नेलं तर त्यालाही असाच खाडा लागतो. घरी येणारा पगार त्या दिवशीच थांबतो.

एप्रिल 2025 मध्ये आफ्रिकेतल्या नायजरमध्ये वीजवाहिनीच्या कामावरचे झारखंडचे पाच मजूर पळवले गेले. जुलैमध्ये शेजारच्या माली देशात सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना नेलं. बातमी दोन-चार दिवस चालली. पण त्यांच्या घरची चूल कशावर पेटते, हे विचारताना कुणी दिसलं नाही.

मी हे पोटतिडकीनं लिहितोय, कारण 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा मी तिथं वेल्डर होतो. मला कुणी डांबलं नाही. तरी जॉर्डनमधलं अम्मान गाठून विमानानं मुंबईला उतरेपर्यंत घरी दोन महिने माझी खबर नव्हती. एजंटाला द्यायला वडिलांनी सावकाराकडून पैसे उचलले होते, त्याचं व्याज मात्र एक दिवस थांबलं नाही. आई रोज एसटी स्टँडवर जाऊन बसायची.

पुढं संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या पैशातून भरपाई द्यायची असं ठरलं. कुवेत सोडून यावं लागलेल्या माणसाला अडीच ते चार हजार डॉलर, कुटुंबाला पाच ते आठ हजार. माझे पैसे यायला सहा-सात वर्षं लागली, पण आले, आणि सावकार फिटला. त्याच आयोगानं ओलीस ठेवलेल्यांसाठी वेगळा हिशेब केला होता. तीन दिवसांहून जास्त डांबलं असेल तर दीड हजार डॉलर आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर, दहा हजारांच्या मर्यादेपर्यंत. कैदेतला दिवस मोजता येतो आणि त्याचे पैसे देता येतात, हे जगानं तेव्हा करून दाखवलं.

आणि इराकमधलं मोसुल? जून 2014 मध्ये तिथं चाळीस भारतीय बांधकाम मजूर पकडले गेले. एक निसटला. बाकी एकोणचाळीस जण मारले गेल्याचं संसदेत सांगितलं गेलं ते मार्च 2018 मध्ये. त्यातले बहुतेक पंजाबचे. हुजूर साहिबमुळं पंजाबची माणसं नांदेडला कायम येतात, त्यांचं दुःख आम्हाला परकं नाही. पावणेचार वर्षं त्या बायकांचा नवरा कागदावर जिवंत होता, म्हणून मृत्यूची भरपाई नाही. कामावर नव्हता, म्हणून पगार नाही. अस्थी आल्यावर केंद्रानं दहा लाखांचं सानुग्रह अनुदान जाहीर केलं. सानुग्रह म्हणजे मेहरबानी. मजुराच्या बायकोनं मेहरबानीची वाट का पाहावी?

दहावी न झालेल्या मजुराला आखाती देशात जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. जिवंत कैद्याच्या पगाराचं त्यात काही नाही. बेपत्ता माणसाला कायद्यानं मृत मानायचं तर सात वर्षं थांबायचं. तोवर पोरं काय खाणार?

समुद्रावरच्या खलाशाला मात्र हे संरक्षण मिळालं आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातली दुरुस्ती 26 डिसेंबर 2020 पासून लागू झाली. चाच्यांनी खलाशाला पकडून ठेवलं तर तो सुटून घरी पोहोचेपर्यंत त्याचा पगार चालूच ठेवायचा. हा करार भारतानं 2015 मध्येच मान्य केला आहे. जहाजावरच्या माणसाला जे मिळतं ते टॉवरवर चढलेल्या फिटरला का नाही?

अशानं अपहरण करणाऱ्यांचं फावेल, असं कुणी म्हणेल. पण हा पैसा खंडणी नव्हे, तो घरी जायचा आहे. नोंदणीकृत एजंटाकडून सरकार बँक हमी घेतंच. कंपनीनं हात वर केले तर पहिले काही महिने त्या हमीतून पगार द्यावा आणि नंतर कंपनीकडून वसूल करावा.

आमच्या गल्लीतला एक मुलगा पुढच्या महिन्यात वेल्डर म्हणून बाहेर चाललाय. आईनं दोन एकर गहाण टाकलंय. त्याचा करार मी ओळ न् ओळ वाचला. जेवण, खोली, ओव्हरटाइम, सुट्टी, सगळं आहे. पकडून नेलं तर काय, याबद्दल एक शब्द नाही. ती ओळ घाला म्हणून मी त्याच्यासोबत एजंटाकडं गेलो, तर तो म्हणाला, छापील नमुन्यात नाही, मी काय करू? तो नमुना बदलून घेण्याची मागणी मराठवाड्याच्या आठही खासदारांनी या अधिवेशनात करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वेल्डर
जिंतूर, जि. परभणी