एका चॅपेलची आणि एका वाड्याची नोंद

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

साध्या दिसणाऱ्या ऐतिहासिक वास्तूंची दखल घेणारी नोंदवही आपल्याकडेही हवी, यासाठी हे पत्र. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सेनेका आणि कयुगा या दोन लांबट सरोवरांच्या मध्ये सेनेका काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) वसली आहे. शेती आणि द्राक्षमळ्यांच्या या ग्रामीण भागातील अनेक वास्तू 1966 च्या कायद्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आहेत. सेनेका सरोवराकाठचा, भव्य खांबांचा 'रोझ हिल' हा 1839 चा प्रासाद त्यांत आहे. आणि वॉटर्लू गावातील मॅक्लिंटॉक कुटुंबाचे साधे विटांचे घरही आहे. या घरातच जुलै 1848 मध्ये स्त्रियांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार झाला. प्रासाद टिकवावा हे कोणालाही सुचते. असे साधे घरही राष्ट्राचा ठेवा मानले गेले, याचे मला अधिक मोल वाटते.

तो जाहीरनामा 19 व 20 जुलै रोजी याच काउंटीतील सेनेका फॉल्स गावच्या वेस्लियन चॅपेलमधील (छोट्या चर्चमधील) स्त्री-हक्क परिषदेत मांडला गेला आणि त्यावर 68 स्त्रिया व 32 पुरुषांनी सह्या केल्या. पुढे हे चॅपेल विकले गेले आणि तिथे नाट्यगृह, स्केटिंगची जागा, मोटारविक्रीचे दुकान, कपडे धुण्याचे दुकान असे एकामागून एक व्यवसाय थाटले गेले. 1985 मध्ये ऐतिहासिक स्थळेही सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी संस्थेने वास्तू ताब्यात घेतली, तेव्हा मूळ भिंतींचे आणि छताचे काही भागच शिल्लक होते. ते तुकडे जपून चॅपेल पुन्हा उभे करण्यात आले. शेजारच्या लांब दगडी भिंतीवर तो जाहीरनामा सह्यांच्या नावांसह कोरलेला असून तिच्यावरून पाणी वाहण्याची रचना आहे. स्मारक सुंदर आहे, पण मधल्या शतकभरात गेलेले काही त्यामुळे परत आलेले नाही.

त्याच 1848 मध्ये पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. हा वाडाही दुकानांनी वेढलेला आणि जीर्ण झाला होता, प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले आणि अखेर डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडावा लागला. स्मारक व्हावे, उत्तम व्हावे; पण मूळ भिंती उभ्या असतानाच त्यांची दखल घेतली गेली असती तर, ही हळहळ मनातून जात नाही.

अमेरिकेतील नोंदीचा अर्थ सक्ती असा नाही. खासगी मालक आक्षेप घेऊन आपली वास्तू नोंदीबाहेर ठेवू शकतो, आणि नोंद झाल्यावरही स्वतःच्या पैशाने तिच्यात बदल करू शकतो. मात्र केंद्राचा निधी किंवा परवानगी लागणाऱ्या प्रकल्पात अशा वास्तूचा विचार आधी करावा लागतो, आणि व्यवसायासाठी वापरात असलेल्या वास्तूच्या प्रमाणित जीर्णोद्धारावर 20 टक्के करसवलत मिळते. आपल्याकडे 'संरक्षित स्मारक' हा दर्जा कडक निर्बंध घेऊन येतो; केंद्रीय स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवे बांधकामच करता येत नाही. त्यामुळे शाळा भरलेला वाडा किंवा सत्यशोधकांची सभा झालेली धर्मशाळा त्या यादीत बसवणे अवघड जाते.

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने अशा वास्तूंसाठी तालुकावार वेगळी, बदल-बांधकामावर निर्बंध न घालता दखल घेणारी नोंदवही सुरू करावी, तीत नाव सुचवण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि शाळांनाही द्यावा, आणि नोंद झालेली वास्तू पाडण्यापूर्वी तिची मोजमापे व छायाचित्रे घेणे बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे.

आपली,
एक वाचक, पुणे