अफगाण युद्धातला पूर्वज शोधायचा तर आधी पलटण शोधा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कुणबी नोंदींच्या निमित्ताने तालुक्यातालुक्यांत मोडी दप्तरांचे गठ्ठे सुटले आणि घरोघरी वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा इकडच्या घरांतून त्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो : "आमचे खापरपणजोबा काबूलच्या लढाईत होते म्हणतात, त्यांचे नाव कुठे सापडेल?" बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. दुसऱ्या अफगाण युद्धातला (१८७८–८०) मुंबई इलाख्याच्या लष्कराचा शिपाई सापडतो तो पलटणीच्या नंबरावरून. नाव जुळवायचे काम नंतरचे.

त्याआधी युद्ध कोणते, ते पक्के करावे. १८८० साली पंचविशीत असलेला शिपाई १८५५ च्या सुमारास जन्मलेला. पिढीला २५ ते ३० वर्षे धरली, तर आज पन्नाशीत असलेल्या माणसाचा तो खापरपणजा लागतो, कधी त्याच्याही वरची पिढी. घरात ज्याची गोष्ट सांगतात तो पणजा असेल, तर बहुधा ते पहिले महायुद्ध किंवा १९१९ चे तिसरे अफगाण युद्ध असते. गावात 'या गावातून इतके जण महायुद्धावर गेले' असे सांगणारी संगमरवरी पाटी असेल, तर ती १९१४–१९ ची आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत १८८० चा शिपाई शोधणेही व्यर्थ. त्या यादीत ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१ आणि दुसरे महायुद्ध एवढेच येते.

'काबूल' या शब्दावर विसंबू नये. अख्ख्या अफगाणिस्तानाला लोक काबूलच म्हणत. मुंबईच्या पलटणींचे काम प्रामुख्याने दक्षिणेकडे होते : कराची, सक्कर, जेकबाबाद, बोलन खिंड, क्वेटा, कंदाहार. घरच्या आठवणीत यातले एखादे नाव असेल, अगदी मोडक्या रूपात का होईना, तर ती आठवण मोलाची समजावी. २७ जुलै १८८० च्या मायवंदच्या लढाईत मुंबई लष्कराच्या होत्या त्या १ ली ग्रेनेडियर्स आणि ३० वी जेकब्ज रायफल्स या पायदळ पलटणी, ३ री लाइट कॅव्हलरी, ३ री सिंध हॉर्स आणि बॉम्बे सॅपर्सची (लष्करी अभियंत्यांची) अर्धी कंपनी. त्या एका दिवसात ब्रिटिश बाजूचे साडेनऊशेहून अधिक लोक मारले गेले. १६ ऑगस्टला कंदाहारच्या वेढ्यातून देह ख्वाजा गावावर जी चढाई झाली, तिच्यात मुंबईच्या १९ व्या आणि २८ व्या पलटणी होत्या.

आता घरातला पुरावा. सर्वांत खात्रीचा कागद कागदच नसतो, ते चांदीचे पदक असते. व्यास ३६ मिलिमीटर, एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला कूच करणारी फौज आणि पाठीवर तोफ घेतलेला हत्ती, वर 'अफगाणिस्तान' आणि खाली १८७८-७९-८०. फीत हिरवी, कडा किरमिजी. नाव चेहऱ्यावर नसते, कडेवर कोरलेले असते : हुद्दा, नाव, पलटण, कधी आधी नंबर. कोरीव काम उथळ आहे, म्हणून पदक चिंचेने, राखेने किंवा पितळ घासायच्या पॉलिशने अजिबात घासू नका. काळवंडलेले राहू द्या. अंधाऱ्या खोलीत कडेला अगदी आडवा टॉर्च धरा आणि पदक थोडे थोडे फिरवत चार-पाच फोटो घ्या. तरीही अक्षर लागले नाही, तर कडेभोवती पातळ कागद गुंडाळून मऊ शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवा. झिजलेले अक्षर डोळ्यापेक्षा कागदावर लवकर उमटते.

पलटणीचा नंबर दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांची लष्करे वेगळी होती आणि प्रत्येकात आपापली १ ली पलटण होती. नंबराच्या पुढे 'बो.' किंवा 'बॉम्बे' आहे का, ते पाहिलेच पाहिजे. पदकाच्या फितीवर लढाईच्या नावाची धातूची पट्टी नसेल तर ती हरवली असे समजू नका. मायवंदसाठी पट्टी दिलीच नव्हती. 'कंदाहार'ची पट्टी १ सप्टेंबर १८८० च्या लढाईची आहे. नाव भलत्याचेच निघू शकते, तीही शक्यता धरावी. पदके गहाण पडली, सोनारांकडे गेली, बाजारात विकली गेली. कड घासून नवे नाव कोरलेलीही मिळतात. अशा पदकाचा व्यास व्हर्नियरने मोजल्यास ३६ पेक्षा किंचित कमी भरतो आणि नावाखालची कड सपाट लागते. १८३९ च्या गझनीच्या लढाईचे पदक मात्र नाव न कोरताच वाटले गेले, त्यामुळे पहिल्या अफगाण युद्धाचा शोध बराच अवघड आहे.

नंबर कळला की तो आजपर्यंत उतरवावा लागतो, आणि सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. १९०३ मध्ये मुंबईच्या पायदळाच्या नंबरांत शंभर मिळवले गेले, १९२२ मध्ये पलटणी मोठ्या रेजिमेंटांत बसवल्या गेल्या. १ ली ग्रेनेडियर्स १०१ वी झाली आणि आजच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये गेली, तिचे केंद्र जबलपूर. ५ वी ती १०५ वी, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, 'काली पांचवी', केंद्र बेळगाव. ४ थी रायफल्स १०४ वी होऊन राजपुताना रायफल्समध्ये गेली. १९ वी ११९ वी झाली आणि १९२२ ला जाट रेजिमेंटमध्ये, तिचे केंद्र बरेलीला. २८ वी १२८ वी पायोनियर्स झाली, पुढे बॉम्बे पायोनियर्समध्ये गेली आणि १९३३ ला ते दलच मोडले. ३० वी बलुच रेजिमेंटमध्ये जाऊन १९४७ ला पाकिस्तानात गेली. सॅपर्सचा वारसा खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपकडे आहे. म्हणजे कोकणातल्या मराठा किंवा महार शिपायाच्या पलटणीचा इतिहास आज बरेलीला विचारावा लागतो, हे मुद्दाम सांगितल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही. तसेच १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या सागर येथील केंद्राकडे १८८० ची चौकशी करण्यात अर्थ नाही. या केंद्रांकडून पलटण कोणत्या साली कुठे होती ते कळू शकते. शिपायाची वैयक्तिक फाईल मिळेल ही आशा धरू नये.

नाव जुळवताना दोन अडचणी येतात. पहिली आडनावाची. महार शिपायांची नोंद बहुधा स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव अशी, दोन्हींच्या शेवटी 'नाक' लागून होते. १६ एप्रिल १८८० रोजी दब्राईचे ठाणे लढवताना मेजर वॉडबीसोबत १९ व्या पलटणीचे दोन शिपाई पडले, सोननाक तान्नाक आणि इलाही बक्ष. मुंबईच्या फोर्टातल्या हजारीमल सोमाणी मार्गाचे जुने नाव वॉडबी रोड. मेजरचे नाव रस्त्याला मिळाले. सोननाकचे वंशज कोण, हे शोधायचे झाले तर हाती गाव नाही, आडनाव नाही, फक्त बापाचे नाव आहे. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, पुढच्या पिढ्यांनी गावावरून आडनावे घेतली आणि दुवा आणखी सैल झाला. म्हणून अशा घरांनी वंशावळीतली 'नाक'वाली नावे आधुनिक करून लिहू नयेत, जशी सांगितली तशीच टिपावीत. यादीत जातीच्या रकान्यात 'परवारी' असेल, तर तेही महार समाजाचेच नाव आहे.

दुसरी अडचण इंग्रज कारकुनाच्या स्पेलिंगची. अ च्या जागी यू, ऊ च्या जागी दोन ओ, ई च्या जागी दोन ई, क च्या जागी सी, व च्या जागी डब्ल्यू. सखाराम एस-यू-सी-सी ने सुरू होईल, विठू डब्ल्यूमध्ये सापडेल, जाधव 'जादो' आणि पवार 'पोवार' असतील. प्रत्येक नावाची चार-पाच रूपे कागदावर लिहूनच यादी उघडावी.

यादी कुठली? १ एप्रिल १८९५ पर्यंत मुंबईचे लष्कर स्वतंत्र होते, म्हणून आधी दिल्लीला न जाता मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार गाठावे आणि लष्करी खात्याचे खंड मागावेत. फक्त १८८० चा खंड पाहून उठू नका. वारसांच्या पेन्शनचे अर्ज लढाईनंतर येतात, तेव्हा १८८२ पर्यंत पाहा. शिपायांची नावे असलेले मेडल रोल, म्हणजे पदक मिळालेल्यांच्या याद्या, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या लष्करी दप्तरात आहेत. पत्र लिहिताना पलटण, पदक आणि पट्टी कळवली तरच उत्तर उपयोगी येते. तिथली ऑनलाइन कुटुंबशोध सूची मुख्यतः युरोपियनांची आहे, तिच्यात नाव नाही म्हणून खचू नये. सुभेदार-जमादारांसाठी छापील आर्मी लिस्ट पाहावी. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हा शौर्याचा सन्मान मिळालेल्याचे नाव सरकारी हुकमात छापून आलेले असते. डोलीवाले, भिस्ती, उंटवाले पलटणीच्या यादीत येत नाहीत, त्यांची चौकशी वेगळी करावी लागते.

सरकारी दप्तरात 'रत्नागिरी जिल्हा' असेल, तर आजचा सिंधुदुर्गही त्यात आला, आणि 'कुलाबा' म्हणजे रायगड. दोन्ही बदल १९८१ चे. जुन्या 'सुवर्णदुर्ग' तालुक्यातले गाव आज दापोलीच्या बाजूला शोधावे. गावाकडे कोतवाल बुक (गाव नमुना १४), कडईपत्रक, जुने फेरफार आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. शिपाई परमुलखात मेला असेल तर कोतवाल बुकात त्याचा मृत्यू नसतो, पण विधवेचा किंवा मुलाचा सापडतो. कोल्हापूर-सांगलीकडे वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांच्या वह्या आणि नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या नामावळ्या याही विसरू नयेत. पेन्शनर मंडळी तीर्थयात्रा करीत.

शासनाला एक मागणी आहे. कुणबी नोंदींसाठी मोडी वाचकांची फळी उभी राहिली, स्कॅनिंगची सोय झाली. तीच माणसे आणि तीच यंत्रे वापरून पुराभिलेखागाराने लष्करी खात्याच्या १८७८ ते १८८२ च्या खंडांतल्या शिपायांच्या नावांची सूची करावी. पाचच रकाने पुरतील : पलटण, हुद्दा, नाव जसे लिहिले तसे, बापाचे नाव, गाव. आणि ज्यांच्या घरी पदक आहे त्यांनी त्याच्या कडेचे स्पष्ट फोटो आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात आजच देऊन ठेवावेत. पदक घरीच राहू द्यावे.

आपला विश्वासू,
लष्करी दप्तरांचा एक अभ्यासक, पुणे