कूलरच्या खोलीतले फिल्मचे रोल

संपादक साहेब, नमस्कार,

भुसावळ-जळगावकडे सध्या कॉलेजची पोरं जुन्या स्टुडिओंमधून तारीख उलटून गेलेले फिल्मचे रोल शोधत फिरताय. बघून फार बरं वाटतं. पण दुकानात त्यांना सांगतात की आपल्याकडची हवा कोरडी, रोलला काही होत नाही, आणि हे खरं नाही म्हणून लिहितोय.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. त्या उष्णतेने फिल्मवर फॉग म्हणजे धुरकट पडदा चढतो, स्पीड म्हणजे उजेड टिपायची ताकद कमी होते, कलर रोलमधले रंगाचे तीन थर सारखे खराब होत नाहीत म्हणून फोटोला भलतीच झाक येते. आणि त्याच उकाड्यात आपण खिडक्या लावून दिवसरात्र पाण्याचा कूलर चालवतो! फिल्मचा थर जिलेटिनचा, तो हवेतली ओल ओढून घेतो, आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते आणि ती जिलेटिनच खाते, पुसून जात नाही. कूलर बंद होतो तोवर पावसाळा येतो.

वडिलांचे १२० चे (जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात घालायचे) सहा रोल आमच्याकडे कूलरसमोरच्या कपाटात होते, कपड्यात, डांबरगोळ्यांजवळ (त्यांची वाफही फिल्मला चालत नाही, मला उशिरा कळलं). त्यातले दोन मी वापरले, धुवून आणले तर आभाळावर आकडे आणि ठिपके. या रोलला मागे कागद असतो, ओलीने त्यावरची छपाई फिल्मवर उमटते. तापीकाठचे आईचे फोटो होते हो ते, आता तिला चालवत नाही.

रोल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून फ्रिजमधे ठेवा. काढल्यावर दीड-दोन तास डबा उघडू नका, नाहीतर गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं रोलला सुटतं. ३२०० स्पीडचे, म्हणजे कमी उजेडातही फोटो काढणारे फास्ट रोल मात्र फ्रिजमधेही फार वर्षं टिकत नाहीत, अवकाशातून येणाऱ्या किरणांनीही फॉग चढतो आणि ते किरण फ्रिज अडवत नाही. जुन्या रोलवर फोटो काढताना दर १० वर्षांमागे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट लाइट द्या असं म्हणतात पण तो अंदाज झाला, कपाटात उन्हाळे काढलेल्या रोलला तो लागू पडेलच असं नाही. म्हणून बॉक्सवरची तारीख बघण्याआधी रोल कुठे ठेवला होता ते विचारा. ब्लॅक अँड व्हाइट त्यातल्या त्यात जास्त तग धरतो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल कुठे सापडला तर जपा, कंपनी बंद झालीये.

आखाजीला लेकी माहेरी येतात, अल्बम निघतात, तेव्हा कॅरीबॅगमधली निगेटिव्हही बघून घ्या. आंबट व्हिनेगरसारखा वास आला तर ती लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी तीच स्कॅन करून घ्या.

कूलर माळ्यावरून खाली यायच्या आत हे पत्र छापलं तर बरं होईल. माझ्याकडचे उरलेले चार रोल कोणी शिकणारं पोरगं असेल तर त्याला देऊन टाकीन.

एक वाचक, भुसावळ