कुकीजच्या डब्यावर अंड्याचा उल्लेख हवा

महोदय,

दिवाळीत नरकासुर आणि आकाशकंदील, नाताळात तारे अशा आकारांच्या कुकीज घरी भाजून, आयसिंगने सजवून विकणाऱ्या महिला आता गोव्यात जागोजागी दिसतात आणि त्यांचे कसब खरोखर वाखाणण्याजोगे आहे. आधी दाट आयसिंगने कड आखायची, ती सुकली की आत पातळ आयसिंग भरायचे, आणि आपल्या दमट हवेत तेही लवकर सुकत नसल्याने नरकासुराच्या काळ्या मिशांचा रंग पांढऱ्या दातांत उतरणार नाही यासाठी तासन्‌तास थांबायचे, हे चिकाटीचे काम आहे. (भाव जास्त म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा करून पाहावे.)

तथापि, हे आयसिंग पुष्कळदा अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकापासून होते आणि त्यातून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग संभवतो. पाश्चराइज केलेल्या (जंतू मरतील इतपत तापवलेल्या) पांढऱ्या बलकाची पावडर वापरल्यास तो धोका बराच टळतो. शिवाय वरून पाहून अंडे कळत नसल्याने, सणाला शिवराक (शाकाहार) पाळणाऱ्या घरांत अशी कुकी नकळत खाल्ली जाते. म्हणून विक्रेत्यांनी डब्यावर अंडे आणि वापरलेले रंग ठळकपणे नमूद करावेत आणि अन्न व औषध प्रशासनाने सणांपूर्वी त्यांच्यासाठी तालुकावार मार्गदर्शन शिबिरे घ्यावीत, ही विनंती.

— एक वाचक, फोंडा