कापणीच्या सणाचं आवतन घरी जाऊन द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याचा सण, जवळ आला आहे. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती वाचकांना माझी एक विनंती आहे. यंदा शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि चर्चला न येणाऱ्या नातेवाइकांनाही बोलवा, आणि त्यासाठी त्यांच्या घरी जा. मोबाइलवर पत्रिका टाकून भागवू नका. लग्नाचं आवतन आपण असं देतो का?

घरी गेलं की मनातलं विचारता येतं. माझ्या शेजारणीनं विचारलं, "बाई, मले तिथं काई म्हना लागन काय? पैसे टाका लागतात काय?" मी सांगितलं, गायन आवडलं तर म्हण, नाही तर ऐक. अर्पणाची थैली आली की पुढे दे. प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तेव्हा जागेवरच बसून राहा, कोणी काही म्हणत नाही. ती नवऱ्याला आणि पोरांना घेऊन आली. वेदीसमोर कापूस, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, कोहळे मांडले होते. ते पाहून ती म्हणाली, "हे त आपलंच वावर हाय." उपासनेनंतरच्या लिलावात तिच्या नवऱ्यानं कोहळ्यावर अशी बोली लावली की आमचे पाळकसाहेबही मागे हटले!

मी तिच्याकडे जाते तशी ती माझ्याकडे आली. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला ती मला बोलावते, मी जाऊन बसते.

धर्मांतराचा संशय लोकांच्या मनात असतो, तो आपण समजून घ्यावा. म्हणूनच धान्य, औषधं किंवा पोरांची फी यांच्या जोडीनं चर्चचं आवतन कधीही देऊ नये. मदत करायची तर वेगळी करावी आणि मोकळ्या मनानं करावी. श्रद्धा ज्याची त्याची. संविधानाच्या कलम २५ नं प्रत्येकाला ते स्वातंत्र्य दिलं आहे.

मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं आयुष्य नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात वळलं. एका सहप्रवाशानं त्यांच्याशी आपुलकीनं बोलून बायबल दिलं. पुढे विचार करून, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या मनानं ठरवलं, तेही काही वर्षांनी. घरातल्या माणसांना बोलावताना एवढा धीर आपल्यालाही हवा. बायबलमध्ये येशूचा शिष्य फिलिप्प यानंही नथनेलाला येशूकडे बोलावताना वाद घातला नाही, "येऊन पाहा" एवढंच म्हणाला.

चर्च कमिट्यांना एक सांगणं आहे. सणाची तारीख ठरवताना गावच्या बाजाराचा वार पाहा आणि कापसाच्या वेचणीचा जोर ओसरू द्या. एक दिवसाची मजुरी बुडवून यायला कोणत्या तोंडानं सांगायचं? उपासना दुपारी चारला ठेवली तर वावरातून आलेल्या बाया हातपाय धुऊन, लेकरांना घेऊन येऊ शकतील.

– एक वाचक भगिनी, ता. अचलपूर, जि. अमरावती