बंदी आहे, शिकारही आहे

संपादक महोदय,

बैलगाडा शर्यतींवरच्या आपल्या अंकातल्या लेखात एक वाक्य होतं : ब्रिटनने कोल्ह्याची शिकार कधीच बंद केली, आणि आपण अजून बैल पळवतोय. पुण्याहून भाच्याने त्या पानाचा फोटो पाठवला. मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला. १९९९ पासून लेस्टरशायरमधल्या एका खेड्यात किराणा आणि पोस्टाचा काउंटर चालवतो (गिऱ्हाइकं मला गुजरातीच समजतात, आता मीही दुरुस्त करत नाही). हा जिल्हा म्हणजे या शिकारीची पंढरी. अठराव्या शतकात ह्यूगो मेनेल यांनी वेगवान शिकारी कुत्र्यांची पैदास केली ती इथेच. म्हणून त्या वाक्याबद्दल लिहितोय.

आधी शब्दाचं. उसाच्या फडातून रात्री कोल्हेकुई करतो तो आपला कोल्हा, तो हा नव्हे. इथला तांबडा, झुपकेदार शेपटीचा, खोकडाच्या जातीचा. इंग्रजांनी मात्र आपल्याकडे येऊन खऱ्या कोल्ह्यालाही सोडलं नाही. उटीच्या माळावर त्याच्यामागे कुत्रे घालून हौस भागवलीच.

आता ‘बंद केली’चं. हंटिंग ॲक्ट १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू आहे. तो सुखासुखी आला नाही. संसदेचं वरचं सभागृह लॉर्ड्स शेवटपर्यंत अडून बसलं, तेव्हा लोकांनी निवडलेल्या कॉमन्सने पार्लमेंट ॲक्ट वापरून त्याला बाजूला सारलं. १९४९ नंतर हे हत्यार जेमतेम चार वेळा उपसलं गेलंय, त्यातली एक वेळ खोकडासाठी! सप्टेंबर २००४ मध्ये शिकारीचे समर्थक थेट कॉमन्सच्या सभागृहात घुसले होते. त्याआधी दोन वर्षं लंडनला मोर्चा निघाला, चार लाखांच्या आसपास माणसं. आमच्या खेड्यातून दोन बसगाड्या गेल्या. दुकानाच्या काचेवर पोस्टर लावू द्या म्हणून दोन्हीकडचे लोक आले, दोघांनाही नाही म्हणालो आणि दोघांचाही राग ओढवून घेतला. तंबाखू न्यायला येणारा एक मेंढपाळ म्हणाला, शहरातल्यांनी आम्हाला जनावर शिकवू नये. २०१४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या तेव्हा फोनवर वडिलांचं हेच वाक्य ऐकलं, फक्त शिव्यांसकट.

त्या मेंढपाळाची कोकरं खोकड नेतो, हे खोटं नाही. आणि तिकडे बहुतेकांना ठाऊक नसेल, खोकड मारायला इथे आजही बंदी नाही. नीट नेम धरून गोळी घाला, कायदा काही म्हणत नाही. बंदी आहे ती कुत्र्यांच्या झुंडीने पाठलाग करून मारण्यावर. सरकारने नेमलेल्या लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने २००० सालीच लिहिलं होतं की अशा पाठलागाने आणि मरणाने त्या जनावराच्या हिताला गंभीर बाधा येते. त्याच अहवालात सहा ते आठ हजार नोकऱ्या शिकारीवर अवलंबून असल्याचंही होतं. ज्याला जे हवं ते त्याने उचललं. संसदेत तासन्‌तास चर्चा झाली ती मात्र शिकाऱ्यांच्या लाल कोटाची, जमीनदारांची, शहर विरुद्ध खेड्याची. बिळापाशी काय होतं यावर कमीच.

म्हणूनच पळवाट राहिली. तिला ट्रेल हंटिंग म्हणतात. खोकडाच्या मुताचा वास लावलेलं फडकं शेतांतून ओढत न्यायचं आणि कुत्र्यांनी त्या वासामागे धावायचं. खरं जनावर मध्ये आलं आणि मेलं, तर तो अपघात. हेतू होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची.

असा एक ‘अपघात’ मी पाहिलाय. कायदा येऊन काही वर्षं झाली होती. फेब्रुवारीतला मंगळवार, दुकानामागे मी खोकी मोडत होतो. कुंपणाच्या फटीतून खोकड आला. चिखलाने शेपटी इतकी जड झालेली की जमिनीवर घासत होती. जीभ बाहेर. माझ्या व्हॅनखाली शिरला, दोनेक श्वास तिथेच बसला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मग चर्चमागच्या कुरणाकडे निघाला. अर्ध्या मिनिटात कुत्रे आले. इथे कुत्रे जोडीने मोजतात, सतरा जोड्या, साडेसतरा जोड्या. त्या दिवशी मला मोजता आले नाहीत. कुरणात जे झालं ते काही क्षणांत झालं. एक तरुण घोडेस्वार आला, अतिशय अदबीने टोपी काढून म्हणाला, माफ करा, अपघात झाला. मी विचारलं, तुमच्या फडक्याचा माग माझ्या अंगणातून कोणी नेला होता? त्याने पुन्हा माफी मागितली. तक्रार दिली, तिचं पुढे काही झालं नाही. त्या आठवड्यात पावाची विक्री मात्र कमी झाली.

स्कॉटलंडने २०२३ च्या कायद्यात ट्रेल हंटिंगही बंद केलं. इंग्लंडमध्ये लेबर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात तेच आश्वासन दिलं. उत्तर आयर्लंडमध्ये तर मुळात बंदीच आली नाही. तिथल्या विधानसभेने २०२१ मध्ये विधेयक फेटाळलं.

राहता राहिला बैल. आमच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवर, शेपट्या पिरगाळलेल्या मी पाहिल्यात, टोचण्याही पाहिल्यात, आणि मधल्या बंदीच्या काळात भल्या पहाटे चोरून गाडे पळवलेलेही ठाऊक आहेत. त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये शर्यतींच्या बाजूने निकाल दिलाय आणि शर्यतींवरच्या अटी कागदावर आहेत. त्या घाटात पाळल्या जातात का, ते आपल्या वार्ताहराने जाऊन पाहावं. पण बारी, म्हणजे गाड्याची धाव, संपली की वडील बैलांच्या अंगावरून हात फिरवायचे, संध्याकाळी पेंड घालायचे. कुरणातल्या त्या खोकडाशी या बैलांची तुलना मला पटत नाही, आणि ब्रिटनचा दाखला देऊन आपल्या गावकऱ्यांना खजील करणं तर त्याहून नाही.

पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी : ‘कोल्हा’ नव्हे, खोकड. आणि ‘शिकार बंद केली’ नव्हे, ‘शिकारीवर कायद्याने बंदी घातली’.

आपला,
एक वाचक, लेस्टरशायर
(मूळ गाव ता. आंबेगाव, जि. पुणे)